चिन्हाची जागा

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राजमार्गावर गुरुग्राम मागे पडले की अरवलीच्या टेकड्यांच्या आश्रयाने वसलेले मानेसर लागते. एके काळचे हे साधे खेडे आज मोटारींच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांनी गजबजलेले आहे. डिसेंबर २०२० मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली आणि २ मार्च २०२५ रोजी तिची पहिली निवडणूक पार पडली. महापौरपदी निवडून आल्या त्या एक अपक्ष महिला उमेदवार. पक्षाचे चिन्ह पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत बसलेले असते; अपक्षाचे चिन्ह मात्र मतदानाच्या थोडेच दिवस आधी ठरते. तेवढ्या अवधीत ते मतदाराच्या मनात ठसावे आणि यंत्रावर त्याने ते अचूक हुडकावे, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही.

त्याच मानेसरात पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीभोवती कामगार उभे असतात. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणी आपल्या मराठवाड्याचा. सर्वांची लिपी एक नाही. काहींना कोणतीच लिपी नीट येत नाही. तरीही खिशातून मोबाइल काढून, पडद्यावरील वीसपंचवीस चित्रखुणांतून नेमक्या एका खुणेवर अंगठा ठेवून ते चहाचे पैसे देतात. मतदानयंत्रावरील चिन्ह आणि मोबाइलवरील ही चित्रखूण यांचे नाते जवळचे आहे, असे आम्हांस वाटते. आणि ते नाते समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस ऑक्टोबर १९५१ मध्ये आरंभ झाला. मतदार सतरा कोटींहून अधिक. आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपास. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी यावर जो उपाय योजला त्यात कागदावर चिन्ह छापण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह: बैलजोडी, झोपडी, पणती, हत्ती, कणीस-विळा. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची, एवढेच. पोलादाच्या वीस लाखांहून अधिक पेट्या लागल्या. त्यांतील पुष्कळ आपल्या मुंबईत विक्रोळीस घडल्या. या पद्धतीत चिन्हाला जागेची ददात नव्हती. एक पेटी, एक चिन्ह, आणि दोन चिन्हांमध्ये हातभर अंतर. चुकावयाचे म्हटले तरी चुकणे कठीण.

पुढे १९६०-६१ मध्ये केरळ व ओडिशा येथील निवडणुकांत पेट्यांऐवजी एकच पेटी व एकच छापील मतपत्रिका आली, आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती पद्धत देशभर रूढ झाली. सोय वाढली, खर्च घटला. परंतु जी चिन्हे आजवर ऐसपैस पेट्यांवर नांदत होती, ती एका कागदाच्या चौकटींत दाटीने येऊन बसली. दोन उमेदवारांच्या चौकटींमध्ये छायांकित पट्टा ठेवावा लागला, तो याचसाठी. शिक्का दोन उमेदवारांच्या चौकटींवर असा पडला की मत कोणास ते कळू नये, तर मत बाद! मतमोजणीच्या मेजाशी बसून असले शिक्के निरखण्याचा प्रसंग ज्या वाचकांवर आला असेल, त्यांना आम्ही अधिक काय सांगावे?

ही चिन्हे रेखाटणारा हात होता निवडणूक आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी यांचा. ते १९९२ मध्ये सेवानिवृत्त झाले. त्यांनी काढलेल्या कंदील, छत्री, शिलाई यंत्र अशा घरगुती वस्तू अद्यापि मतदारांना भेटतात. अशा चित्राची कसोटी सौंदर्याची नसते. ते बोटभर जागेत, काळ्या शाईत, साध्या कागदावर छापले गेले तरी वृद्ध डोळ्यांना ओळखू आले पाहिजे, ही ती कसोटी.

ही कसोटी कशी उलटू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रात नुकतेच घडले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका पक्षाचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच वेळी मुक्त चिन्हांच्या यादीत ‘ट्रम्पेट’ होते आणि त्याचेही मराठी नाव ‘तुतारी’ असेच दिले गेले. सातारा मतदारसंघात विजयाचे अंतर सुमारे बत्तीस हजार सातशे मतांचे होते, तर ट्रम्पेट चिन्हाच्या अपक्ष उमेदवारास सदतीस हजारांवर मते पडली. त्यांतील किती मते चुकून पडली हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही. परंतु चित्रकलेच्या दृष्टीने पाहू गेल्यास कारण उघड आहे. त्याच चौकटीत संपूर्ण मनुष्याकृती बसवावयाची तर तिच्या हातातील तुतारी बारीक होणारच. नुसते वाद्य काढले तर ते चौकट भरून टाकते. आपले चिन्ह यंत्रावर लहान दिसते, अशी तक्रार त्या पक्षाने केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी सांगितले की पक्षाकडून सुधारित आकृती मागविल्या व त्यांतील एक मान्य केली. ट्रम्पेट मात्र यादीत राहिले. काही मिलिमीटरांचा हा प्रश्न. पण तो देशाच्या निवडणूक आयोगापर्यंत गेला!

आता मोबाइलकडे वळू. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला: लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका त्यावर हात नेण्यास वेळ अधिक. १९८४ च्या मॅकिंतॉश संगणकासाठी सुसान केअर यांनी बत्तीस गुणिले बत्तीस ठिपक्यांच्या चौकटीत चित्रखुणा रेखाटल्या. त्या काळी त्यांवर माउसचा बाण नेऊन ठेवावा लागे. २००७ च्या आयफोनने बाण काढून टाकला व बोट आणले. तेथे पडद्याची रुंदी ३२० ठिपके होती आणि प्रत्येक खूण ५७ ठिपक्यांची, म्हणजे जवळजवळ नऊ मिलिमीटर. एका ओळीत चार खुणा धरल्या तर २२८ ठिपके होतात. उरलेले ९२ ठिपके रिकामे सोडले होते. मतपत्रिकेवरील छायांकित पट्ट्याचे काम येथे त्या रिकाम्या जागेने केले.

पुढे पडद्यावरील ठिपके बारीक होत गेले. २०१० च्या आयफोनमध्ये तेवढ्याच रुंदीत दुप्पट ठिपके आले. खूण ५७ ठिपक्यांचीच ठेवली असती तर ती आकाराने निम्मी झाली असती. म्हणून तीच खूण ११४ ठिपक्यांत नव्याने काढावी लागली. अँड्रॉइड मोबाइलांत तर शेकडो प्रकारचे पडदे. त्यासाठी इंचाचा एकशे साठावा भाग हे माप कल्पून सर्व आकार त्यात सांगण्याची रीत पडली. या रीतीनुसार दिसणारी खूण २४ मापांची असली तरी बोटाला प्रतिसाद देणारी जागा ४८ मापांची, म्हणजे सुमारे तीन दशांश इंच ठेवावी, असे सांगितले जाते. डोळ्याला लागणारी जागा आणि बोटाला लागणारी जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यातील मर्म होय. त्या २४ मापांच्या चौकटीतही चौरस खूण १८ ची, तर गोल खूण २० ची काढतात. कारण समान मापाचे वर्तुळ चौरसाशेजारी डोळ्यास लहान भासते. साताऱ्याच्या तुतारीचा धडा तो हाच.

आकारासंबंधी येथवर मतपत्रिका व मोबाइल यांची वाट एकच आहे. जागेच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटा फुटतात, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. मतदानयंत्रावर कोणी वर यावे व कोणी खाली, हे उमेदवाराच्या हाती नसते. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष. आणि प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमाने. १९९६ मध्ये तामिळनाडूतील मोडकुरिची मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले व मतपत्रिकेची पुस्तिका झाली, तरी प्रत्येक उमेदवारास तिच्यात जागा मिळालीच. २०२५ मध्ये बिहारच्या निवडणुकीपासून यंत्रावरील छायाचित्रात चेहरा तीन चतुर्थांश जागा व्यापील व अनुक्रमांक ठळक ३० मापाच्या अक्षरांत असेल, असे आयोगाने ठरविले. असले नियम नीरस खरे. पण ते सर्वांस समान आहेत, छापील आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागता येते.

मोबाइलच्या पहिल्या पडद्यावरील जागेस असा वर्णानुक्रम नाही. तेथे कोण बसेल, हे पुष्कळदा मोबाइल विकत घेण्याआधीच ठरलेले असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगल कंपनीस १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आपली ॲपे मोबाइलमध्ये आधीच घालण्याची अट हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. जागा म्हणजे केवळ शोभा नव्हे, जागा म्हणजे सत्ता होय, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

आम्ही नोकरीनिमित्त परमुलखात आलेली मंडळी. आमच्यापैकी कित्येकांनी निवडणुकीचे काम केले आहे, आणि आज कित्येकांच्या सहीने सरकारी ॲपेही निघतात: शिधा, वेतन, निवृत्तिवेतन, तक्रार. नवी आवृत्ती काढताना ‘ही खूण जरा डावीकडे घ्या, ती लहान करा’ असे आपण सहज सांगून जातो. ज्याला वाचता येते त्याला त्याचे काही वाटत नाही. तो खुणेखालचे नाव वाचतो. पण ज्याने ‘खालच्या ओळीतली दुसरी, निळी’ एवढीच ओळख मनात धरली आहे, त्याचे दार आपण न कळवता हलविलेले असते. मतदान सुरू झाल्यावर मतपत्रिकेवरील चिन्हांचा क्रम बदलण्याची कल्पनाही कोणी अधिकारी करणार नाही. तीच मर्यादा येथेही पाळावी, बदल करावयाचाच तर जुनी जागा काही काळ राखून व आधी सांगून करावा, एवढेच आमचे मागणे.

मानेसरच्या टपरीवरील त्या कामगारांपैकी पुष्कळांचे मत अजून गावाकडच्या यादीत आहे. मोबाइल मात्र रोज त्यांच्या हाती असतो. पाच वर्षांतून एकदा त्यांच्यापुढे येणाऱ्या चिन्हाची आकारमाने आणि जागा आपण कायद्याने बांधली. दिवसातून शंभरदा पुढे येणाऱ्या चिन्हाची काळजी वाहणे, हे त्याच परंपरेचे पुढले काम आहे.