वाचकाच्या पत्राची वाट : बोर्ली पंचतन आणि रायगडचा किनारा

वर्तमानपत्राला पत्र लिहून आपले मत जाहीर करण्याची रीत महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. बोट, टपाल, शाळा, कर, नवे यंत्र, सरकारचा हुकूम, घरातली रूढी अशा कोणत्याही गोष्टीवर, हाती कसलाही अधिकार नसलेल्या माणसाने चार ओळी लिहाव्यात आणि त्या छापून याव्यात, ही त्या काळी अगदी नवी गोष्ट होती. रायगडच्या किनाऱ्यावर ही रीत कशी पोचली, हे समजून घेताना मुंबईच्या छापखान्यांबरोबर बोटी, टपाल आणि संस्थानी राजवट यांचाही विचार करावा लागतो. श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे आसपासच्या गावांचे बाजाराचे गाव. दिवेआगर, वेळास, आदगाव, दिघी या पट्ट्यातली माणसे कामासाठी तिथे येतात, आणि कामाबरोबर चर्चाही तिथेच होते.

सार्वजनिक व्यवहार मराठीत लिहून ठेवण्याची परंपरा या भागात फार जुनी आहे. बोर्लीपासून चारपाच किलोमीटरवरच्या दिवेआगरला सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. त्यात सोन्याच्या ठेवीसंबंधीची नोंद आहे. पण ताम्रपटात उमटतो तो झालेला निर्णय. त्या निर्णयाबद्दल गावातल्या एखाद्याला काय वाटले, हे कुठेच उतरत नसे. ते बोलले जाई पारावर, देवळात, मशिदीच्या ओट्यावर, मचव्यातून खाडी ओलांडताना. गावकीच्या बैठकीत कोणी आधी बोलायचे आणि कोणी बोलायचेच नाही, हे मानपानाने आणि जातीने ठरलेले होते. बायकांचे म्हणणे माजघराच्या उंबऱ्यापर्यंतच राही. छापील पत्राने या चौकटीला पहिला धक्का दिला, आणि म्हणून या साध्या प्रकाराचे महत्त्व अग्रलेखांपेक्षा कमी मानता येत नाही.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ असलेल्या या पत्रात वाचकांच्या पत्रांनाही जागा मिळे. भाऊ महाजनांनी २४ ऑक्टोबर १८४१ रोजी ‘प्रभाकर’ सुरू केले आणि त्याच पत्रात या रीतीला तिचा सर्वांत मोठा लेखक मिळाला. गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, सरकारी नोकरीत होते आणि ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने लिहीत. त्यांचे पहिले पत्र १९ मार्च १८४८ रोजी छापले गेले. पुढच्या सुमारे दोन वर्षांत ही पत्रे १०८ झाली, आणि ‘शतपत्रे’ म्हणून ती ओळखली जातात. विधवाविवाह, भटभिक्षुकांचा आळस, पेशवाईच्या अखेरीचा कारभार, देशी माल वापरण्याची गरज, छापखान्याचे फायदे, इंग्लंडातील पार्लमेंट असे त्यांचे विषय. आज एका विषयावर आणि पुढच्या आठवड्यात भलत्याच विषयावर लिहिण्याची मोकळीक त्यांनी घेतली. ग्रंथाचा आधार देत बसण्यापेक्षा डोळ्यांसमोरचे सांगून थेट निष्कर्ष काढणे, ही त्यांची पद्धत. त्यांचे काही निष्कर्ष घाईचे होते आणि स्वकीयांवरचा राग कित्येकदा अतोनात होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त त्यांच्यावर कडाडून टीका केली. तरीही राजकारण, यंत्रे आणि रोजचे जगणे यांवर मराठी माणसाने स्वतःच्या नजरेने बोलावे, हा धडा शतपत्रांनीच घालून दिला.

मुंबईत छापलेले पत्र किनाऱ्यावर येण्यास टपालाची स्वस्ताई कारण झाली. १८५४ च्या कायद्याने देशभर अंतराचा विचार न करता हलक्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर लागू झाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे कार्ड निघाले. एका पैशात तक्रार संपादकापर्यंत पोचू लागली. पुढची अडचण वाटेची होती. कोकणाला रेल्वे नव्हती, खाड्यांवर पूल नव्हते, आणि मुंबईशी दळणवळण बोटींवर चाले. पावसाळ्यात बोटी बंद होत. त्या महिन्यांत बातमी शिळी होऊन येई आणि उत्तरही तसेच उशिरा जाई. अंक गावात येई तो बहुधा चाकरमान्याच्या ट्रंकेतून किंवा शाळामास्तरांच्या नावाने. तो एकाने मोठ्याने वाचायचा आणि ओटीवरच्या इतरांनी ऐकायचा, अशीच त्या काळातल्या खेड्यातल्या वाचनाची सर्वसाधारण तऱ्हा होती. त्यामुळे अंकाचे ग्राहक थोडे असले तरी त्यावर मत देणारे पुष्कळ असत.

बोर्लीची आणखी एक अडचण होती. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे महाल जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात मोडत. उत्तरेला अलिबाग, पेण आणि पूर्वेला महाड हा मुलूख इंग्रजी अमलाखाली, तर बोर्लीचा रहिवासी संस्थानी प्रजा. ब्रिटिश हद्दीतील वर्तमानपत्रांनी संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवू नये म्हणून १९२२ मध्ये एक आणि १९३४ मध्ये दुसरा असे दोन कायदे झाले. संस्थानी प्रजेचे गाऱ्हाणे मुंबईला छापायचे, तर संपादकाला या कायद्यांकडे पाहूनच शब्द निवडावे लागत. १९४८ च्या जानेवारीत मोहन धारिया आदी तरुणांनी संस्थानाविरुद्ध लढा दिला आणि त्याच वर्षी जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. बोर्लीच्या माणसाला इतर नागरिकांच्या बरोबरीने राज्यकर्त्यांवर लिहिण्याची मुभा मिळाली ती तेव्हा.

ब्रिटिश हद्दीतही ही मुभा फुकट मिळत नव्हती. महाडला जन्मलेल्या शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये ‘काळ’ काढले. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि १९१० मध्ये ‘काळ’ बंद पडले. दलितांना तर सरकारच्या आधी आपल्याच समाजाची भिंत ओलांडावी लागे. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता.

या भिंतीला एका मुलाच्या पत्राने पाडलेले भगदाड रायगडच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहावे असे आहे. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ मध्ये महाडजवळच्या लाडवलीला झाला. शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही, अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. तेव्हा ते साधारण अकरा वर्षांचे होते. झालेला प्रकार त्यांनी पत्रात लिहून कळवला, तो वर्तमानपत्रात छापून आला आणि शाळेला प्रवेश देणे भाग पडले. वर्गातल्या मुलांत बसणे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या संघटनेत हेच मोरे आघाडीवर होते, आणि कम्युनिस्ट चळवळीत गेल्यावर १९६५ मध्ये त्यांनी ‘जीवनमार्ग’ हे साप्ताहिक सुरू केले. अकरा वर्षांच्या मुलाच्या चार ओळींनी शाळेचे दार उघडावे, यापेक्षा वाचकाच्या पत्राचे मोठे सामर्थ्य कोकणाने पाहिलेले नाही.

जिल्ह्याला स्वतःचे लढाऊ पत्र मिळाले ते शेतकऱ्यांच्या चळवळीतून. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सहा वर्षे टिकला. संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ सुरू केले. पुण्यात १९३२ मध्ये निघालेल्या ‘सकाळ’ने गावोगावचे बातमीदार नेमून स्थानिक प्रश्नांना मानाची जागा दिली होती. स्वातंत्र्यानंतर या दोन्ही प्रकारची पत्रकारिता एस.टी.च्या टपावरून आणि पार्सलांतून खेड्यांत शिरली. साहजिकच पत्रांतले विषय बदलले. रस्त्याचे खड्डे, वेळेवर न येणारी गाडी, दिघी ते आगरदांडा लाँच, दवाखान्यातला डॉक्टर, विजेचे भारनियमन हे विषय वाचकांनीच पुढे आणले. किनाऱ्यावरच्या कोकणी मुस्लिम घरांतली माणसे आखाती देशांत नोकरीला गेली आणि परदेशातल्या कारभाराशी इथल्या कारभाराची तुलना पत्रांतून आणि गप्पांतून होऊ लागली. श्रीवर्धनचे आमदार राहिलेले अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले, १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि राज्याचे राजकारण हा या भागात घरचा विषय झाला.

मोबाइल आल्यावर संपादकाची चाळणी गेली आणि मत पोचायला क्षणही लागेनासा झाला. २४ मार्च २०१२ रोजी दिवेआगरच्या सुवर्णगणेशाची चोरी झाली आणि दोन रखवालदारांचा जीव गेला, तेव्हा तालुक्यातला संताप काही तासांत राज्यभर कळला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मात्र उलट अनुभव दिला. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद झाले, आणि ज्यांना सर्वांत जास्त सांगायचे होते त्यांचेच आवाज बाहेर पोचेनात.

या नव्या लिखाणाची एक उणीव गंभीर आहे. छापलेल्या पत्राखाली नाव आणि गाव असे, अंक जपला जाई, आणि पन्नास वर्षांनीही त्यावरून गावाचा प्रश्न काय होता हे सांगता येई. फोनवरचा मजकूर फोनबरोबर जातो. बोर्ली, दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा परिसरात अनेक घरांच्या माळ्यावर जुनी कात्रणे, छापून आलेली पत्रे, संपादकांची उत्तरे अजून असतील. वाळवी आणि दमट हवा यांच्या तावडीतून ती सोडवायची वेळ आताच आहे. ज्यांच्याकडे ती असतील त्यांनी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा शाळेत द्यावीत, आणि देण्याआधी प्रत्येक कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव व तारीख लिहावी.