सीताफळाला फुलं ढीगभर, फळं मोजकी. असं का?

बुलढाण्याहून मोताळ्याकडे जाताना राजूर घाट लागतो, ती अजिंठ्याची डोंगररांग. या भागात सीताफळ इतकं घरचं, की ते परदेशी आहे म्हटलं तर लोक भांडायला उठतील. नावातच सीता, आणि भावकीत रामफळ! पण झाड मूळचं अमेरिका खंडातलं. ते पोर्तुगीजांबरोबर 16व्या शतकात आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बहुतेक म्हणतोय, कारण अलेक्झांडर कनिंगहॅमनं 1879 च्या पुस्तकात भारहूत स्तूपाच्या शिल्पांमध्ये सीताफळ ओळखलं होतं. मला विचाराल तर दगडातलं खवल्याखवल्यांचं फळ काहीही असू शकतं.

असो. आपल्या परसातल्या झाडाचं दुखणं वेगळंच आहे. त्याचं प्रत्येक फूल आधी मादी असतं, मग नर. पाकळ्या जेमतेम फाकतात तेव्हा आतला भाग चिकट, पराग घ्यायला तयार असतो. पण त्याच फुलाचा पराग सुटेपर्यंत तो चिकटपणा गेलेला असतो. म्हणजे एकाच घरात दोघं, पण भेट नाही! मधमाशी इथे फारशी कामाची नाही, अरुंद फुलात शिरतात ते बारीक भुंगेरे. त्यात आपल्याकडचा मे महिना. कोरड्या झळांनी फूल सुकतं, गळतं. पाऊस लागून हवा दमट झाली की फळं धरायला लागतात.

माणसानं किड्याचं काम करण्याची भारी गोष्ट व्हॅनिलाची आहे. मेक्सिकोची ही वेल रियुनियन बेटावर वाढायची, फुलायची, पण शेंगा धरेनात. 1841 मध्ये एडमंड नावाच्या 12 वर्षांच्या गुलाम मुलानं बारीक काडी आणि अंगठ्यानं परागीकरण करून दाखवलं. बेटावर व्हॅनिलाचा धंदा उभा राहिला. एडमंडला मात्र त्यातलं काही मिळालं नाही, तो गरिबीतच गेला.

सीताफळाला तर काडीही नको, चित्रकलेचा मऊ ब्रश चालतो. संध्याकाळी पूर्ण उमललेली फुलं तोडून कागदावर ठेवायची. सकाळपर्यंत पराग झडतो. ऊन चढायच्या आत तो अर्धवट उघडलेल्या फुलांत ब्रशनं गोल फिरवून लावायचा. गोल का? तर फळाचा एकेक डोळा वेगळ्या स्त्रीकेसरातून तयार होतो. एकाच बाजूला पराग लागला तर फळ वाकडं होतं. बाजारात असं एका अंगानं बसकं सीताफळ पाहिलंच असेल.

आणि फुलोऱ्यात फवारणी टाळा, भुंगेरे मरतात. उलट दोन-चार सडकी फळं झाडाखाली राहू द्या. आई ओरडेल, पण भुंगेरे त्या वासावरच येतात.