पदवीचं दार आणि सनदेचं दार



आपल्या अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आलं ते एका कागदामुळे. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथं तह झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी गाविलगड पडला होता. लढाई तोफांनी झाली, पण मुलूख कोणाचा हे शेवटी कागदावर ठरलं.

आपल्या घरात तरी वेगळं काय होतं? वावरात निंदण कोण करते, कापूस कोण वेचते, हे गावाला ठाऊक असतं. पण वावर कोणाचं, हे सातबारा सांगतो. माहेरी बोलावणं येतं, साडीचोळी होते आणि मग हक्कसोडपत्र पुढं येतं. "कागदापुरती सही कर ताई" म्हटलं की बाई सही करते. त्या घडीला एक साधा प्रश्न विचारायला ओळखीची वकीलबाई जवळ असती, तर किती सह्या थांबल्या असत्या!

म्हणून गटातल्या एखादीची पोरगी "मला वकील व्हायचं आहे" म्हणते, तेव्हा तिला "कोर्टकचेरी बायकांचं काम नाही" असं सांगू नका. बायकांना हे काम मिळालं कसं, ते तिला सांगा. तेच आज मी सांगणार आहे. या गोष्टीत दोन दारं आहेत. एक पदवीचं, दुसरं सनदेचं. पहिलं उघडलं म्हणजे दुसरं उघडतंच असं नाही, हे त्या काळच्या बायकांनी सोसून शिकलं.

सुरुवात रखमाबाईंपासून करू. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं, पण त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. १८८४ साली नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, बायको नांदायला यावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला. पुढं अपील झालं आणि १८८७ साली हुकूम आला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. देशभर आणि इंग्लंडातही गाजलेलं ते प्रकरण १८८८ साली तडजोडीनं मिटलं. त्यानंतर त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

त्या कोर्टाकडं जरा नीट पाहा. खटला एका बाईच्या संसाराचा, पण न्यायाधीश पुरुष आणि दोन्हीकडचे वकीलही पुरुष. रखमाबाईंना आपलं म्हणणं जगापुढं मांडायला टोपणनावानं वर्तमानपत्रात पत्रं लिहावी लागली. डॉक्टरकीचं दार बायकांना तेव्हा थोडंफार उघडलं होतं. आनंदीबाई जोशी १८८६ सालीच डॉक्टर झाल्या होत्या. वकिलीचं दार मात्र पक्कं बंद होतं.

ते दार पहिल्यांदा ठोठावलं आपल्या महाराष्ट्रातल्याच एका मुलीनं. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी, पुढं ख्रिस्ती झालेले. आई पुण्यात शाळा चालवायची. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. परीक्षेत ती इतकी वर आली की विलायतेला शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती. पण ती मुलगी होती, म्हणून शिष्यवृत्ती नाकारली गेली.

मग काही लोकांनी वर्गणी काढली. त्यात परिचारिकांच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. आपण गटात पैसा पैसा जमवतो ना, तशा जमवलेल्या पैशावर ही मुलगी १८८९ साली ऑक्सफर्डला पोचली. १८९२ साली ती कायद्याच्या परीक्षेला बसली. त्या विद्यापीठात ही परीक्षा देणारी ती पहिली बाई. ती पासही झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. परीक्षा द्या, पास व्हा आणि तशाच घरी जा, असा तो न्याय.

ती भारतात परतली. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली. अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी तिला सनद मिळाली नाही. सनद म्हणजे कोर्टात दुसऱ्याच्या वतीनं उभं राहण्याचा परवाना. डोक्यात कायदा होता, पण कोर्टात उभं राहता येत नव्हतं.

आता तिनं कायदाच का निवडला, ते ऐका. त्या काळी मोठ्या घरांतल्या अनेक बायका पडद्यात राहायच्या. नवरा वारला की जमीनजुमला विधवेच्या नावावर असला तरी कारभार दिवाणाच्या, दीर-पुतण्यांच्या हातात जायचा. बाई परपुरुषापुढं येऊ शकत नाही आणि वकील तर सगळे पुरुष. मग ती आपलं दुःख सांगणार कोणाला? तिच्या नावानं दुसरेच कागद करायचे आणि ती आतून अंगठा द्यायची. या बायकांपर्यंत बाईच जाऊ शकते, हे कॉर्नेलियानं ओळखलं. तिनं सरकारच्या मागं लागून १९०४ साली बंगालच्या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' खात्यात नोकरी मिळवली. विधवांच्या आणि अज्ञान मुलांच्या इस्टेटी सांभाळणारं ते खातं. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम अशा मोठ्या मुलखात ती पालखीतून, होडीतून, रेल्वेतून फिरली. सहाशेहून जास्त बायका-मुलांना तिनं मदत केली. राजकारणात ती इंग्रजांच्या बाजूची होती आणि ते पुष्कळांना पटलं नाही. पण पडद्याआडच्या बाईचं म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडण्याचं काम तिनं केलं, हे खरं.

दुसरं दार ठोठावणारी ती एकटी नव्हती. १९१६ साली कलकत्त्याला रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेऊन सनदेसाठी अर्ज केला. प्रश्न एका शब्दाचा होता. कायद्यात लिहिलं होतं की पात्र 'व्यक्ती'ला वकिली करता येईल. मग बाई ही व्यक्ती आहे की नाही? पाच न्यायाधीश बसले आणि त्यांनी ठरवलं की या कायद्यातल्या व्यक्तीमध्ये बाई येत नाही. १९२१ साली पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनाही नकार मिळाला. पण त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टानं कॉर्नेलियाचं नाव आपल्या वकिलांच्या यादीत घेतलं. एकच देश आणि एकच प्रश्न, पण दोन हायकोर्टांची दोन उत्तरं. मग कायदाच बदलावा लागला. १९२३ साली 'लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट' आला आणि बाई आहे एवढ्या कारणानं कोणालाही सनद नाकारता येणार नाही असं ठरलं.

कॉर्नेलियाला ऑक्सफर्डची पदवी १९२२ साली मिळाली, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी. १९२३ साली ती लंडनला बॅरिस्टर झाली आणि पुढं कलकत्त्याला वकिली सुरू केली. तेव्हा तिचं वय सत्तावन्नच्या पुढं गेलं होतं. "आता या वयात काय शिकायचं" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्याच १९२३ साली, तिच्या काही महिने आधी, आणखी एक मराठी मुलखातली मुलगी लंडनला बॅरिस्टर झाली. तिचं नाव मिठन टाटा, लग्नानंतर मिठन लाम. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १९१९ साली आईबरोबर ती लंडनला गेली होती आणि तिथंच शिकली. मुंबई हायकोर्टात वकिली करणारी ती पहिली बाई. तिच्या पहिल्या कामाची एक गोष्ट सांगतात. पक्षकार म्हणाला, "माझी बाजू पक्की आहे, जिंकणार हे नक्की. पण समोरच्याला बाईकडून हरल्याची लाज वाटावी म्हणून तुम्हाला घेतलं." ऐकून हसू येतं. पण तिनं केस घेतली आणि काम करून दाखवलं.

मुंबई हायकोर्ट १८६२ साली सुरू झालं. तिथं पहिली महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ साली आल्या. मध्ये एकशे सोळा वर्षं गेली. पुढं त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांत त्या होत्या. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून आज कार्यालयात जी समिती असते, तिचं मूळ त्या निकालात आहे.

आता आपल्या पोरींकडं येऊ. आज बाई म्हणून दार बंद नाही, पण दारं अजूनही दोनच आहेत आणि दोन्ही आधीच माहीत असलेली बरी.

पहिलं दार पदवीचं. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कला असो, वाणिज्य असो की विज्ञान. कोणतीही पदवी झाली असेल तर तीन वर्षांची एलएल.बी. आहे. मार्क खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. राज्याची लॉ सीईटी द्यावी लागते आणि तिची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. जवळचं बघायचं तर अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय आहे, अकोल्यालाही विधी महाविद्यालय आहे. पंजाबराव स्वतः बॅरिस्टर होते, आपल्या पापळचे. २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई हेही अमरावतीचेच आणि अमरावतीतच शिकलेले. म्हणजे हे शिक्षण आपल्या एसटीच्या टप्प्यात आहे.

दोन गोष्टी प्रवेशाआधी तपासा. कायद्याची पदवी घरबसल्या, टपालानं होत नाही, कॉलेजला जावंच लागतं. आणि कोणी दहावी-बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर त्या पदवीवर एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. आधी बारावी, मग पदवी, असा क्रम हवा. फीचं म्हणाल तर कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत २०२४ पासून आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला पाहिजे. आपल्याला ती लागू होते का, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा.

दुसरं दार सनदेचं. पदवी झाली की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडं नाव नोंदवावं लागतं. पूर्वी या नोंदणीला हजारो रुपये मोजावे लागायचे. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती फी ७५० रुपये आहे आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. त्या परीक्षेत कायद्याची मूळ पुस्तकं सोबत नेता येतात, पण ती आधी वाचलेली असतील तरच उपयोग. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे परीक्षेआधी तीन वर्षं वकिली केलेली पाहिजे.

आणि एक गोष्ट मुलीच्या आईबापाला स्पष्ट सांगा. सनद मिळाली की लगेच पैसा सुरू होत नाही. पहिली काही वर्षं सिनियर वकिलाकडं बसून काम शिकावं लागतं आणि तेव्हा हातात थोडंच येतं. घरानं पदवीचा खर्च मोजला आणि ही वर्षं मोजली नाहीत, तर पोरगी पदवी घेऊन घरी बसते. पदवी भिंतीवर आणि सनद नाही, असं कॉर्नेलियाचं झालं ते कायद्यानं अडवलं म्हणून. आपल्या पोरींचं ते हिशेब चुकला म्हणून होऊ नये. गटातून शिक्षणासाठी कर्ज देताना ही शेवटची वर्षंही धरा.

ज्यांचं शिकायचं वय संसारात गेलं, त्यांच्यासाठीही काही आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं अर्ज करा किंवा १५१०० या नंबरवर फोन करा. लोकांना कायद्याची माहिती देणारे विधी स्वयंसेवकही हे प्राधिकरण तयार करतं. आपल्या ग्रामसंघातल्या एकदोघींनी त्यासाठी नाव द्यायला हरकत नाही. आणि तोवर एवढं पाठ करा: हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि लग्न झालं म्हणून तो जात नाही. हक्क सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण विचारल्याशिवाय सही करू नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करा. बारावीला किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या गावातल्या मुलींची यादी काढा आणि कायदा शिकायचं कोणाच्या मनात आहे ते विचारा. एकीनं जरी हात वर केला, तरी तिला ही दोन्ही दारं नीट समजावून सांगा.