वृत्तपत्रविद्येची पदवी : मिसूरीचा प्रयोग आणि त्याचे भारतीय रूपांतर

१४ सप्टेंबर १९०८ या दिवशी अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या विद्यापीठात वृत्तपत्रविद्येच्या स्वतंत्र शाळेचे वर्ग सुरू झाले, आणि त्याच दिवशी त्या शाळेतील विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या ‘युनिव्हर्सिटी मिसूरियन’ या पत्राचा पहिला अंक कोलंबिया गावातील वाचकांच्या हाती पडला. शाळा आणि पत्र यांचा जन्म एकाच दिवशी व्हावा हा योगायोग नव्हता. पदवीपूर्व वर्गातील तरुणास वृत्तपत्राचा व्यवसाय शिकवावयाचा असेल, तर तो केवळ व्याख्यानांनी शिकविता येणार नाही, ही या प्रयोगामागील धारणा होती. या धारणेचे पुढे काय झाले, आणि तिच्या पोटी जन्मलेली पदवी भारतात येताना नेमके काय मागे राहिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मिसूरीस ‘जगातील पहिली वृत्तपत्रविद्येची शाळा’ हे बिरुद सहसा लावले जाते. ते जपूनच वापरले पाहिजे. पॅरिस येथे १८९९ मध्येच अशी एक संस्था निघाली होती, आणि इलिनॉय विद्यापीठाने १९०४ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम आखला होता. त्याहीपूर्वी, १८६९ मध्ये, यादवी युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने व्हर्जिनियातील वॉशिंग्टन कॉलेजचा अध्यक्ष या नात्याने मुद्रण व वृत्तपत्रव्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी पन्नासपर्यंत शिष्यवृत्त्या देण्याची योजना मान्य करून घेतली होती. पुढच्याच वर्षी ली वारला आणि ती योजना काही वर्षांत विरून गेली. खुद्द मिसूरीतही इंग्रजीच्या एका प्राध्यापकाने १८७८ पासून वृत्तपत्रांच्या इतिहासाचा वर्ग चालविला होता. पहिलेपणाचा मान कोणाचा हा वाद एवढ्यावर सोडून देण्यास हरकत नाही. मिसूरीचे वैशिष्ट्य अन्यत्र आहे.

या शाळेचा पहिला अधिष्ठाता वॉल्टर विल्यम्स (१८६४–१९३५) याने स्वतः महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नव्हते. बूनव्हिल येथील छापखान्यात उमेदवारी करीत तो वाढला, पुढे कोलंबियातील ‘हेरल्ड’चा संपादक झाला आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळावरही गेला. त्या काळच्या अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीत हा क्रम अपवादात्मक नव्हे, नेहमीचाच होता. खिळे जुळविता जुळविता बातमी लिहू लागावे आणि बातमी लिहिता लिहिता संपादक व्हावे, अशी ती परंपरा. तिच्यात मुरलेल्या जुन्या संपादकांना महाविद्यालयातून संपादक निर्माण करण्याची कल्पना हास्यास्पद वाटे. पदवी नसलेल्या माणसाने पदवीचा पुरस्कार करावा यात वरवर विसंगती दिसते. परंतु छापखान्यातील उमेदवारीने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे विल्यम्सइतके अनुभवाने सांगू शकणारे विद्यापीठात दुसरे कोण होते? त्याने उमेदवारी टाकून दिली नाही. तिला विद्यापीठाच्या आवारात आणले. त्याचे आरंभीच्या काळातील सहकारी, फ्रँक मार्टिन आणि चार्ल्स रॉस, हेही वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतूनच आलेले होते.

‘मिसूरियन’ हे महाविद्यालयीन नियतकालिक नव्हते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. ते गावाचे पत्र होते. विद्यार्थी न्यायालयात, नगरपालिकेत, बाजारात बातमी आणावयास जात. अध्यापक संपादकाच्या खुर्चीत बसून तीवर संस्कार करीत. आणि चूक झाली तर तिचा बोभाटा वर्गात न होता दुसऱ्या दिवशी गावात होई. गुणपत्रिकेहून कठोर अशी ही परीक्षा होती. मात्र पत्र खरे असल्यामुळेच ते इतरांच्या डोळ्यांत खुपू लागले. पत्राला वर्गणीदार हवे होते, जाहिराती हव्या होत्या; आणि त्या जाहिराती गावातील इतर पत्रांच्या तोंडचा घास होत्या. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने खाजगी व्यवसायाशी स्पर्धा करावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला, आणि १९०९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अनुदान मंजूर करताना अशी अट घातली की, वर्गणी अथवा जाहिराती स्वीकारणाऱ्या वृत्तपत्राच्या प्रकाशनासाठी विद्यापीठाच्या निधीतील पैसा खर्च करता येणार नाही.

यातून दोनच वाटा दिसत होत्या. जाहिराती सोडून पत्राला वर्गातील पाठाचे रूप द्यावे, किंवा पत्राची मालकी विद्यापीठाबाहेर न्यावी. शाळेने दुसरी वाट धरली. एक स्वतंत्र प्रकाशन मंडळ स्थापन झाले आणि पत्राचा आर्थिक भार त्याने उचलला. विद्यापीठाकडे अध्यापन राहिले. पहिली वाट धरली गेली असती तर मिसूरीची पदवी इतर कोणत्याही पदवीसारखीच झाली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. शिक्षणाच्या इतिहासात अशा हिशेबी तडजोडींची नोंद क्वचितच ठळकपणे होते. येथे मात्र सारा प्रयोग तिच्यावरच तरला.

न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचा इतिहास (त्याचा मिसूरीतील कोलंबिया गावाशी नामसाम्यापलीकडे संबंध नाही) याच्या उलट दिशेने गेला. जोसेफ पुलित्झर याने १८९२ मध्ये त्या विद्यापीठापुढे ठेवलेला प्रस्ताव नाकारला गेला होता. १९०३ मध्ये वीस लक्ष डॉलरांच्या देणगीसह तो स्वीकारला गेला. हार्वर्डचा अध्यक्ष एलियट याने सुचविलेल्या योजनेत जाहिरात व व्यवस्थापन हे विषयही होते. पुलित्झरला ते मान्य नव्हते. पत्रकाराला इतिहास, कायदा, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आले पाहिजे. पत्राचा गल्ला सांभाळणे हा विद्यापीठाचा विषय नव्हे, अशी त्याची भूमिका १९०४ च्या त्याच्या प्रदीर्घ लेखात दिसते. ज्याने वृत्तपत्राच्या गल्ल्यावर अमाप संपत्ती मिळविली त्यानेच हे म्हणावे, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. १९११ मध्ये तो निवर्तला. शाळा १९१२ मध्ये उघडली. तिने आरंभी पदवीपूर्व शिक्षण दिले, परंतु १९३५ मध्ये ते बंद करून केवळ पदवीधरांनाच प्रवेश देण्याचे ठरविले. मधली वाट विस्कॉन्सिन येथील विलार्ड ब्लायर याने आखली. पदवीच्या अभ्यासक्रमात व्यवसायाचे विषय सुमारे एक चतुर्थांश असावेत, उरलेला भाग सामाजिक शास्त्रे व वाङ्मय यांनी व्यापावा, हे प्रमाण पुढे अमेरिकेत बहुतांशी रूढ झाले.

भारतात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण स्थिरावले ते लाहोर येथील पंजाब विद्यापीठात, १९४१ मध्ये. त्याचे प्रवर्तक पृथ्वीपाल सिंग हे मिसूरीत शिकलेले होते. फाळणीनंतर तो विभाग दिल्लीस व तेथून १९६२ मध्ये चंदीगडास गेला. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात १९५१ मध्ये नाडिग कृष्णमूर्ती यांच्या नेतृत्वाखाली विभाग सुरू झाला आणि तेथे हा विषय पदवीच्या वर्गात शिकविला जाऊ लागला. कृष्णमूर्तीही मिसूरीचेच विद्यार्थी. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ च्या सुमारास सिराक्यूज विद्यापीठातील रोलँड वूल्सली यांच्या साहाय्याने अभ्यासक्रम निघाला, आणि पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आपला विभाग उघडला.

परंतु म्हैसूर वगळता या परंपरेत एक चमत्कारिक गोष्ट घडली. ‘बॅचलर ऑफ जर्नालिझम’ हे मिसूरीने १९०९ पासून दिलेल्या पदवीचे नाव पुढे नागपूर-पुण्याकडेही रूढ झाले. मात्र ती पदवी घेण्यासाठी आधी दुसरी पदवी असणे आवश्यक ठरले. एका वर्षाचा अभ्यासक्रम, पदवीधरांसाठी, आणि नाव मात्र प्रथम पदवीचे! मुंबई, पुणे, नागपूर येथील कित्येक पत्रकारांच्या नावापुढे म्हणून दोन स्नातकपदव्या दिसतात.

याचे कारण केवळ प्रशासकीय मानणे अपुरे होईल. मराठी वृत्तपत्राचा उगम जुळाऱ्याच्या खोलीत झाला नाही. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे विद्वान अध्यापक होते. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर हेही अध्यापकच. संपादक हा पंडित असावयाचाच, हे येथे गृहीत होते. अमेरिकेत विद्यापीठाला संपादकांस पटवावे लागले की शिक्षणाने पत्रकार बिघडत नाही. महाराष्ट्रात प्रश्न नेमका उलटा होता. शिकलेल्या माणसाला बातमी लिहिणे वेगळे शिकवावे लागते काय? ज्या समाजात असा प्रश्न पडतो तेथे व्यवसायशिक्षण हे पदवीवरचे वर्षभराचे लेणे ठरावे, यात नवल नाही. ब्लायरने तीन चतुर्थांश म्हटलेला भाग विद्यार्थ्याने आधीच मिळविला आहे, असे धरून ती पदवी चालली.

मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास बारावीनंतरची तीन वर्षांची माध्यमविषयक पदवी सुरू केली, तेव्हा हे गृहीतकच नाहीसे झाले. अठरा वर्षांचा विद्यार्थी आता पाठीशी दुसरी पदवी न घेता येतो. त्याला इतिहास व राज्यशास्त्र त्याच तीन वर्षांत बातमी, जाहिरात, चित्रपट यांच्याबरोबर वाटून घ्यावे लागते. पुलित्झरने वगळलेली जाहिरात येथे तृतीय वर्षात पत्रकारितेच्या बरोबरीची शाखा झाली. मिसूरीने जपलेले मात्र भारतीय विभागांच्या वाट्यास क्वचितच आले. विभागांची प्रायोगिक पत्रे निघतात, पण त्यांचा वाचक बहुधा आवारातलाच असतो. चुकीबद्दल तक्रार घेऊन येणारा दुकानदार किंवा नगरसेवक त्यांना भेटत नाही. १९०८ चे ते पत्र ‘कोलंबिया मिसूरियन’ या नावाने अद्याप चालू आहे, आणि त्यात आजही विद्यार्थीच गावाची बातमी आणतात.