फाटक्या पत्रकांतले वॉशिंग्टन

वॉशिंग्टन म्हटले की व्हाइट हाउस, कॅपिटॉलचा घुमट आणि संगमरवरी स्मारके डोळ्यांसमोर उभी राहतात. मात्र याच शहरात १९७९ पासून पुढच्या काही वर्षांत शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींनी स्वत:चे असे एक संगीतविश्व उभे केले. पंक रॉक या संगीतप्रकाराच्या इतिहासात त्याला आज मानाचे स्थान आहे. ते घडत होते तेव्हा त्याचा लेखाजोखा ठेवावा, असे फारसे कुणाला वाटले नव्हते. मागे उरली ती कार्यक्रमांची पत्रके. झेरॉक्सवर काढलेली, विजेच्या खांबांवर चिकटवलेली आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणारी. ही पत्रके आता तेथील ग्रंथालयांत जपून ठेवलेली आहेत आणि त्या काळाकडे जाणारी ती सर्वात खात्रीची वाट ठरली आहेत.

पंकचा उगम १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांत झाला. दोन-तीन मिनिटांचे गाणे, मोजके सूर, प्रचंड वेग आणि वाद्य शिकण्याची वाट न पाहता ते वाजवायला घेण्याची वृत्ती, ही त्याची ओळख. वॉशिंग्टनच्या मुलांनी हा वेग आणखी वाढवला. त्या शैलीला पुढे ‘हार्डकोर’ हे नाव पडले.

या वेगाचे श्रेय प्रथम द्यावे लागते ते ‘बॅड ब्रेन्स’ या चार कृष्णवर्णीय तरुणांच्या वाद्यवृंदाला. मूळचे जॅझकडे ओढा असलेले हे वादक पंककडे वळले आणि त्यांच्या सफाईने व आवेगाने गोऱ्या वस्तीतील मुले अवाक् झाली. १९७९ साली त्यांनी व्हॅली ग्रीन या सार्वजनिक गृहवसाहतीच्या आवारात उघड्यावर कार्यक्रम केला. ल्युसियन पर्किन्स या छायाचित्रकाराने त्याची टिपलेली छायाचित्रे २०१३ मध्ये ग्रंथरूपात आली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या सभागृहात ‘द क्रॅम्प्स’ यांचा कार्यक्रम झाला होता. विद्यापीठाने आपले बंडखोर रेडिओ केंद्र बंद करून त्याचा परवाना अवघ्या एका डॉलरला दुसऱ्या संस्थेला देऊन टाकला होता. त्या केंद्राच्या मदतीसाठी हा कार्यक्रम होता. प्रेक्षकांत सोळा वर्षांचा इयन मॅकाय होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी त्याच वर्षी ‘टीन आयडल्स’ हा वाद्यवृंद काढला.

मुलांकडे पैसा नव्हता. वर्तमानपत्रात जाहिरात देणे परवडणारे नव्हते. व्यावसायिक छपाईही तशीच. त्यामुळे पत्रक हाताने तयार होई. साडेआठ बाय अकरा इंचांचा साधा कागद, जुन्या मासिकांतून कापलेली अक्षरे, घासून उमटवायची तयार अक्षरे, कात्री, डिंक आणि एखादे मिळेल ते चित्र. हे सारे एका कागदावर चिकटवायचे आणि झेरॉक्स यंत्राखाली ठेवायचे. यंत्राला मधल्या करड्या छटा नीट उमटवता येत नसत. त्यामुळे चेहरे गडद काळे आणि पांढरे होऊन बाहेर पडत आणि चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडा सावलीसारख्या दिसत. पंकच्या चित्रशैलीचा पुढे कलासमीक्षकांनी जो गौरव केला, तिचे मोठे श्रेय या यंत्राच्या उणिवेला जाते. प्रतीची प्रत काढली की अक्षर आणखी ठसठशीत आणि चित्र आणखी अनोळखी होई.

पत्रकाचा मजकूर अगदी त्रोटक असे. वाद्यवृंदांची नावे, ठिकाण, वार, तारीख, वेळ, प्रवेशमूल्य. बऱ्याच पत्रकांवर आणखी एक ओळ दिसते, ‘सर्व वयोगटांसाठी खुले’. बाहेरच्या वाचकाला ती किरकोळ वाटेल. वॉशिंग्टनच्या बाबतीत मात्र ती कळीची ओळ आहे. कार्यक्रम व्हायचे ते मद्यालयांत आणि वाजवणाऱ्यांपैकी अनेकांनाच कायद्याने तेथे मद्य घेता येत नव्हते. १९८० मध्ये टीन आयडल्स कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर गेले असता सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या ठिकाणी त्यांच्या हातांच्या पाठीवर काळ्या शाईने मोठी फुली मारून त्यांना आत सोडण्यात आले. फुली असलेल्याला मद्य द्यायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. मुलांनी ही कल्पना घरी आणली आणि ‘नाइन थर्टी क्लब’च्या चालकांना पटवली. वयामुळे बाहेर उभे राहणाऱ्यांना त्यामुळे दार उघडले. मॅकायच्या पुढच्या ‘मायनर थ्रेट’ या वाद्यवृंदाच्या १९८१ मधील ‘स्ट्रेट एज’ या गाण्यानंतर दारू आणि अमली पदार्थ नाकारणाऱ्यांची एक जगभर पसरलेली परंपराच सुरू झाली आणि बंदीची खूण असलेली फुली त्यांनी अभिमानाने मिरवली.

टीन आयडल्सने कार्यक्रमांतून साठवलेले सुमारे सहाशे डॉलर वाटून न घेता त्यातून आपली तबकडी काढली. ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ या संस्थेचा जन्म असा झाला. वेष्टन कसे करतात हे ठाऊक नव्हते, म्हणून एका इंग्लिश तबकडीचे वेष्टन उकलून त्याचा आराखडा कागदावर गिरवला गेला आणि हजार वेष्टने मित्रमंडळींनी हाताने कापून, दुमडून, चिकटवली. पत्रक आणि वेष्टन ही एकाच कात्रीची कामे होती.

आज हीच पत्रके वाचताना अभ्यासकांची पहिली अडचण म्हणजे त्यांवर बहुधा वर्ष नसते. येत्या शुक्रवारी कार्यक्रम आहे हे सांगायला वर्षाची गरज कोणाला? मग वार आणि तारखेची सांगड घालावी लागते. उदाहरणार्थ, शुक्रवार, २३ सप्टेंबर हा योग १९७७, १९८३ आणि १९८८ या वर्षांत येतो. तेव्हा पत्रकावर मायनर थ्रेटचे नाव असेल तर ते १९८३ चेच, कारण हा वाद्यवृंद १९८० मध्ये सुरू झाला आणि १९८३ मध्ये थांबला. किंबहुना तीच त्यांची अखेरची मैफल होती. लॅन्सबर्ग कल्चरल सेंटरमध्ये झालेल्या त्या कार्यक्रमात त्यांच्यासोबत ‘ट्रबल फंक’ हा वाद्यवृंद होता. ट्रबल फंक हा ‘गो-गो’ या वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेल्या तालप्रधान संगीताचा आघाडीचा प्रतिनिधी. एकाच शहरात शेजारी-शेजारी नांदणारी ही दोन विश्वे क्वचितच एका मंचावर आली. गो-गोच्या जाहिराती बाल्टिमोरच्या ग्लोब पोस्टर या छापखान्यात झगझगीत रंगांत छापल्या जात. पंकची पत्रके काळी-पांढरी. त्या काळच्या रस्त्यावर कुठला कागद कुणासाठी आहे, हे दुरूनही कळत असावे.

पत्रकांवरचे पत्ते एकत्र मांडले तर शहराचा एक वेगळाच नकाशा तयार होतो. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींनी वॉशिंग्टनचे काही भाग होरपळले होते. पुढे दीड-दोन दशके जुन्या बाजारपेठेत रिकाम्या इमारती आणि स्वस्त भाडी होती. नाइन थर्टी क्लब ३१ मे १९८० रोजी ‘९३० एफ स्ट्रीट’ या पत्त्यावर सुरू झाला आणि नावही पत्त्यावरूनच पडले. १९९६ मध्ये तो दुसऱ्या जागी गेला. ‘डी. सी. स्पेस’ १९९१ मध्ये बंद पडले. त्या जागी नंतर कॉफीचे दुकान आले. माउंट प्लेझंट भागातील विल्सन सेंटर, सेंट स्टीफन्स चर्चचे सभागृह, अ‍ॅडम्स मॉर्गनमधील कलावंतांचे घर ‘मॅडम्स ऑर्गन’, ही नावे पत्रकांवर पुन:पुन्हा भेटतात. यांतली बरीचशी ठिकाणे भाडी वाढली तशी नाहीशी झाली. मुलांनी संगीत सोडले म्हणून नव्हे, तर जागा परवडेनाशा झाल्या म्हणून अनेक शहरांत अशी विश्वे मावळतात.

१९८५ नंतर पत्रकांचा स्वर पालटला. त्या उन्हाळ्याला ‘रिव्होल्युशन समर’ म्हणतात. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’सारखे नवे वाद्यवृंद आले, मारामारीला कंटाळलेली मंडळी परतली, दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर वर्णभेदाविरुद्ध ढोल बडवले गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘पॉझिटिव्ह फोर्स’ या गटाने कार्यक्रमाची मिळकत सामाजिक कामांना देण्याचा पायंडा पाडला. ‘फुगाझी’ या वाद्यवृंदाने ३ सप्टेंबर १९८७ रोजी विल्सन सेंटरमध्ये पहिला कार्यक्रम केला आणि पाच डॉलरच्या आसपासचे प्रवेशमूल्य वर्षानुवर्षे राखले. १२ जानेवारी १९९१ रोजी आखाती युद्धाच्या तोंडावर हाच वाद्यवृंद व्हाइट हाउससमोरील लाफाएट पार्कमध्ये कडाक्याच्या थंडीत वाजवत होता.

पत्रकांवर विसंबताना सावधगिरी हवी. कार्यक्रम जाहीर झाला एवढेच पत्रक सिद्ध करते; तो झाला की नाही, हे नाही. ऐनवेळी नावे बदलत, जागेचा मालक नकार देई. शिवाय ज्यांना मंच कमी मिळाला ते पत्रकांवरही कमीच दिसतात. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘चॉक सर्कल’ या मुलींच्या वाद्यवृंदाने मोजकेच कार्यक्रम केले. गंमत अशी की, या काळाची आठवण सर्वांआधी ग्रंथरूपात आणली ती मुलींनीच. सिंथिया कॉनली, लेस्ली क्लेग आणि चॉक सर्कलची शॅरन चेस्लो यांनी १९८८ मध्ये ‘बॅन्ड इन डी. सी.’ हा छायाचित्रे आणि आठवणींचा संग्रह प्रसिद्ध केला. आज उपलब्ध असलेल्या बऱ्याच लेखनाचा तो पाया आहे.

पुढे संस्थांनी हे काम हाती घेतले. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ मध्ये ‘डी. सी. पंक आर्काइव्ह’ सुरू केले आणि त्यानिमित्ताने ग्रंथालयाच्या तळघरात चक्क कार्यक्रमही ठेवले. मेरीलँड विद्यापीठाकडे हाताने काढलेल्या पंक नियतकालिकांचा संग्रह आहे. फुगाझीने २०११ पासून आपल्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे खुली केली. त्यांच्या जोडीला पत्रके आणि छायाचित्रेही मांडली. लिलावात अशा पत्रकांना संग्राहक चांगली किंमत मोजतात, तेव्हा ती सार्वजनिक ग्रंथालयात असणे महत्त्वाचे. तेथे कुणीही नागरिक ती विनामूल्य पाहू शकतो.

जतनाच्या दृष्टीने झेरॉक्सचा कागद आश्चर्यकारक टिकाऊ निघाला. त्यावरील काळी भुकटी कार्बन आणि प्लास्टिकची असते आणि उष्णतेने कागदात वितळून बसते, त्यामुळे शाईसारखी विटत नाही. घात करते ती चिकटपट्टी. तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात झिरपतो. स्वस्त पीव्हीसीची पारदर्शक पाकिटेही वाईट, कारण अक्षरे कागद सोडून पाकिटाला चिकटतात. म्हणून पत्रके पॉलिएस्टरच्या पाकिटांत, आम्लरहित पुठ्ठ्यांत ठेवली जातात. खिळ्याची भोके आणि फाटलेले कोपरे मात्र दुरुस्त करायचे नसतात. हे पत्रक खरोखर खांबावर लागले होते, याचा तोच पुरावा.

खरी अडचण त्यानंतरच्या काळाची आहे. २००० नंतर कार्यक्रमांची वार्ता संगणकाच्या पडद्यावरून फिरू लागली आणि खांब रिकामे होत गेले. त्या सूचना ज्या संकेतस्थळांवर होत्या त्यांतली अनेक बंद पडली. १९८३ च्या शुक्रवारचे पत्रक आज हातात घेता येते. २००५ च्या एखाद्या शुक्रवारी त्याच शहरात कोण वाजवले, हे शोधणे अभ्यासकांना त्याहून कठीण जाते.