खुरास्थीचे विचलन (घोड्यातील)

घोड्याच्या पायातील सर्वांत खालचे हाड म्हणजे खुरास्थी. तिची जागा ढळणे म्हणजे खुरास्थीचे विचलन. ती खुराच्या भिंतीला आतून एकमेकांत गुंतलेल्या पातळ पापुद्र्यांनी जणू टांगलेली असते. या पापुद्र्यांना दाह झाला की पकड सुटते. मागच्या स्नायूबंधाच्या ओढीने हाडाचे टोक खाली वळते किंवा शरीराच्या भाराने हाडच खचते. जादा धान्य, लठ्ठपणा, विण्यानंतर अडकलेली वार ही ठळक कारणे. भरपूर खुराक दिला की घोडा तगडा होतो, ही समजूत इथे घातक ठरते. सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असल्याने बहुधा तेच आधी दुखतात. घोडा मागे रेलून उभा राहतो.

निदान बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्राने होते. तीव्र दाहात खूर बर्फाच्या पाण्यात ठेवतात, मऊ अंथरूण देतात. नंतर नालबंदाने ते चित्र पाहूनच खुराची वाढलेली पुढची कड कमी करावी आणि टाचेला आधार द्यावा. अंदाजाने तासणे म्हणजे मुक्या जनावराचा छळ. नवी भिंत महिन्याला ६ ते १० मिमी वाढते, त्यामुळे सुधारणेला वर्षही लागते.