मुळेचे पाणी आणि इंजिनाच्या होड्यांची शर्यत

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन कलशारोहण होत आहे. त्या उत्सवात कुस्त्यांच्या आखाड्याबरोबर धरणाच्या पाण्यावर इंजिनाच्या होड्यांची शर्यतही ठेवावी, अशी सूचना गावातील तरुण मंडळींनी मांडली. मी तालुका कचेरीतला कारकून, तेव्हा परवानगीचा अर्ज लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. त्यासाठी जी माहिती गोळा केली, ती यथामती येथे देत आहे.

आपल्याकडे होडी हौसेने आलेली नाही. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. १९२४ मध्ये लढा संपला व १९२७ पर्यंत धरण उभे राहिले. शेते, देवळे, गाडीवाटा बुडाल्या. हाकेच्या अंतरावरचे गाव पलतीराला गेले आणि होडीवाचून गत्यंतर उरले नाही. बाजार, वऱ्हाड, आजारी माणूस, सारे होडीतूनच. आमच्या लहानपणी वल्ह्यांच्या होड्यांची पैज लागे, पण ती बहुधा अंधार पडण्याआधी घर गाठण्याची असे.

धरणात साठलेले पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते व तेथून कुंडलिकेला मिळते. कोलाडला शहरातले लोक रबरी होड्यांतून जी मौज करतात, ती याच सोडलेल्या पाण्यावर! मुळेवरच्या शर्यतींची परंपरा मात्र खाली पुण्यात. तेथील रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा रेगाटा १९२८ पासूनचा. भाच्याबरोबर एकदा तो पाहण्याचा योग आला. मुलांचे वल्हे एका तालात पडत होते, आणि काठाला जलपर्णीचा ढीग काढून ठेवलेला होता. आपल्या नदीचे ते रूप पाहून वाईट वाटले. जलपर्णीतून वल्हे कसेबसे निघते. इंजिनाच्या पंख्याला ती गुंडाळली की होडी जागीच थांबते.

दापोडीला लष्कराने तर वल्हवण्यासाठी स्वतंत्र कालवाच केला आहे. चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेला, वल्हे हाती धरले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. आपण तर पाण्याच्या काठी जन्मलेले.

इंजिनाच्या शर्यतीही महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. मार्च २०१७ मध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हसमोर तीन दिवस त्या झाल्या. होडीच्या पाठीमागे बाहेरून बसविलेले ते इंजिन म्हणजे आउटबोर्ड. पण दरवर्षीचा पायंडा काही पडला नाही. मुंबईला जे निभले नाही, ते आपल्या वर्गणीत कसे बसावे? शिवाय अंतर्देशीय जलयानांचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा आला. इंजिनाची होडी म्हटली की नोंदणी, तपासणी, विमा आणि चालविणाऱ्याचा दाखला आला. पाणी कंपनीचे, म्हणून तिची संमती वेगळी.

हे सर्व कागद जमविता येतील असे मला वाटत होते. खरी अडचण बैठकीत निघाली. उत्सव चैत्रातला, त्या वेळी पाणी बरेच उतरलेले असते. शर्यतीची वाट नेमकी जुन्या देवळाच्या चौथऱ्यावरून जाते. बुडित येण्यापूर्वी वाडवडिलांनी देव वर आणला, चौथरा तेथेच राहिला. त्या दगडांवर पंखा आपटला तर मोडेल, हे तरुणांना पटले. वडीलधाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. "पंखा मोडंल न्हाईतर ऱ्हाईल, पन त्या जागेवरनं इंजान न्यायचं न्हाई," एवढेच एक आजोबा म्हणाले. त्यावर कोणी बोलले नाही.

मी अर्जातील 'इंजिनाच्या' हा शब्द खोडून 'वल्ह्यांच्या' असा केला व चौथऱ्याला वळसा घालून वाट दाखविली. तेव्हा दुसरीच गोष्ट उघड झाली. आता रस्ते झाले, मोटारसायकली आल्या. गावातील विशीतल्या एकाही मुलाला होडी धड वल्हविता येत नाही! मग हौसेला इंजिनच सुचणार, त्यात त्यांचा दोष तो काय?

हे लिहीपर्यंत अर्जाला उत्तर आलेले नाही. दोन होड्या मात्र डांबर लावून काठावर वाळत ठेवल्या आहेत, आणि संध्याकाळी आजोबा स्वतः पाण्यात उभे राहून चार पोरांना वल्हे धरायला शिकवीत असतात.